सात मेंढ्या

वेल्समधल्या त्या खाणीच्या गावात रंग तसे कमीच.
छपरं पाटीच्या दगडाची, कुंपणं पाटीच्या दगडाची,
थडगीसुद्धा.
पाऊस पडून गेला की सगळं गाव
ओल्या फडक्यानं नुकतंच पुसल्यासारखं.
"इथला फोटो कृष्णधवल करायला यंत्र कशाला?"
इद्वाल म्हणायचा, "खिडकी उघड."

रात्रीचे साडेदहा. नेस्टाच्या मांडीवर मांजर,
चहावर साय.
ती ऑक्टोबरातला फोटो उघडते:
उतार, तांबूस पडलेलं नेचं, मेंढ्या सात,
ढगात डोकं खुपसून बसलेला डोंगर,
आणि खाली, डावीकडे, हिरव्या गवतात
नखाएवढा, पाठमोरा,
लाल जाकिटातला इद्वाल.

रंग काढायला एक बटण पुरतं.
दाबलं.
डोंगर आला, काय सुरेख आला,
एकेक घळ सुरीनं कोरल्यासारखी.
माणूस गेला.

तसा कुठे गेला नाही.
गवताचा हिरवा आणि जाकिटाचा लाल
उजेडाच्या तराजूत सारखेच भरले,
गुंजभरही फरक नाही.
राखाडीत राखाडी.

जाकीट तिनंच घेतलं होतं, बँगोरच्या दुकानातून.
"पोस्टाची पेटी दिसतो मी," तो कुरकुरला.
"दिसशील तर खरा," ती म्हणाली,
"धुक्यात हरवलास तर सापडायला बरं."
धुक्यात नाहीच हरवला तो.
फेब्रुवारीत, इस्पितळात, भर ट्यूबलाइटखाली.

उजव्या हाताला आठ स्लायडर.
निळा खाली ओढला: ढगांमागचं आभाळ काळवंडलं,
त्या दिवशी नसलेलं वादळ आलं.
पिवळा वर: नेच्याला चांदी फुटली.
लाल मात्र तिनं बराच वेळ तसाच ठेवला.

मग थोडा वर.
गवतातून हळूच एक पांढरट डाग.
अजून वर. खांदे. टोपीची कड.
तिला डॉक्टरांच्या खोलीतला तो दुसरा फोटो आठवला,
मुळातच कृष्णधवल,
मागून दिवा लावलेला;
चाळीस वर्षांची खाणीची धूळ
जिथं काळं असायला हवं तिथं पांढरी.

तिनं लाल पार खाली नेला.
आता तो काळा, उभा,
कुणीतरी उतारावर रोवून ठेवलेल्या पाटीसारखा.
त्यावर अजून काही कोरलेलं नाही.
हे तर नकोच.

पुन्हा वर. पुन्हा थोडा खाली.
मांजर उठून गेलं.

एप्रिलमध्ये चॅपलच्या हॉलात फोटो लागला,
दाराजवळ, कोटांच्या खुंट्यांशेजारी.
काइनवेन चष्मा कपाळावर सरकवून
अगदी जवळ गेली, बोटानं मोजत:
"छान गं. आठ मेंढ्या."

"सात," नेस्टा म्हणाली,
आणि तिच्या कपात चहा ओतला.