तीनशे पंचाहत्तर

यारमथच्या कोर्टात हीटर होता, पण चालत नव्हता.
जज्जबाईंनी कोट अंगावरच ठेवला,
म्हणून मीही.

सव्वीस वर्षं, त्या म्हणाल्या
आणि सव्वीस लिहून खाली रेघ ओढली.
रेघेखाली त्याचं उत्पन्न,
त्यातून माझं वजा.
माझं वजा करायला फार वेळ लागला नाही.

त्याचा वकील हॅलिफॅक्सचा. बूट कोरडे.
लग्नानंतर आपण काही काम करत होता का, बाई?
तोंडं विणायचे, मी म्हटलं.
म्हणजे?
लॉब्स्टरच्या पिंजऱ्याला आतून जाळीचं तोंड असतं.
त्यातून तो आत येतो,
परत जायला मात्र त्याला ते सापडत नाही.
मागं कुणीतरी हसलं.
मी विनोद केला नव्हता.

एकाला किती वेळ? जज्जबाईंनी विचारलं.
भांडी आवरल्यावर बसलं तर वीस मिनिटं.
सिमोन तापानं फणफणलेली असली
तर मांडीवर ती, हातात सुई, मग अर्धा तास.
आणि पिंजरे किती?
असतील तीनशे.

"तीनशे पंचाहत्तर."

लेआँद्र बोलला. अख्ख्या सकाळीत पहिल्यांदा.
वकिलानं त्याची बाही धरली.
पण स्वतःच्या बोटीचा आकडा
कुणी कमी सांगितलेला त्याला कुठला खपायला?
"आणि एकेकाला दोन तोंडं," तो म्हणाला,
"आणि हिनं विणलेलं कधी उसवलं नाही."

वकिलानं डोळे मिटून घेतले.
जज्जबाई लिहीत राहिल्या.
मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उगाच सरळ केला.
सव्वीस हिवाळे जेवणाच्या टेबलाशी
हे वाक्य त्याच्याकडे होतं
आणि खर्च झालं ते इथं,
त्याच्याच विरुद्ध.

दुपारी निकाल.
दरमहा इतके डॉलर. मुदत: अनिश्चित.
अनिश्चित म्हणजे मरेपर्यंत का?
मी माझ्या वकिलीणबाईंना विचारलं.
नाही हो, शेवटची तारीख लिहिलेली नाही, एवढंच.
त्यानं बोट विकली, तो थकला,
तुमचं कुठं जमलं,
तर पुन्हा इथं यायचं, पुन्हा मांडायचं.

पबनिकोच्या पाद्रींनी आमच्याकडून
याहून सोपं वदवून घेतलं होतं.

गाडीत बसल्यावर आठवलं:
पिंजऱ्यालाही कायद्यानं एक फट ठेवावी लागते,
लहान जिवांना निसटता यावं म्हणून.
ती मी कधी केली नाही.
ती लेआँद्र बसवायचा.