एस्केप कुणाची

म्हापशात, रंगाच्या दुकानावर आमचं ऑफिस.
कुस्तोद दिनीज इथे सव्वीस वर्षं
एकाच काळ्या एडिटरात लिहितो आहे.
त्याला ना मेनू, ना बटण, ना माउसची ओळख.
जे म्हणजे खाली, के म्हणजे वर,
बाकी सगळं बोटांना ठाऊक.

मार्चमध्ये पणजीहून फर्मान आलं:
यापुढे सगळ्यांनी नवं एन्व्हायर्नमेंट वापरायचं.
डावीकडे फायलींचं झाड, तळाशी डीबगर,
चूक पुरती लिहून व्हायच्या आत तिच्याखाली लाल नागमोड.
कुस्तोद दोन दिवस बसला.
ओळीओळीत जेजेजे उमटत राहिलं,
जिना संपल्यावरही
पाय पायरी शोधत राहावा तसं.
मग म्हणाला, "बाय, तुझ्या या बंगल्यात
मला एक खोली काढून दे."

एडिटर बाहेर सुरू करायचा,
त्याच्या खिडकीचा क्रमांक विचारायचा
आणि सांगायचं, आजपासून तुझा पालक हा पॅनेल.
दत्तकविधान एका ओळीत.
खिडकी आली, पण स्वतःचा टायटल बार डोक्यावर घेऊन,
पाहुण्याने छत्री न मिटता घरात शिरावं तशी.
तो काढला, तर आकार बदलताना अर्धी काळी पडायची.
ते निस्तरलं, तर दोन कर्सर लुकलुकायचे
आणि अक्षरं तिसरीकडेच.

आणि एस्केप.
कुस्तोदची एस्केप म्हणजे सोडलेला श्वास,
शब्द झाला, आता बाहेर.
यजमानाची एस्केप म्हणजे पॅनेल मिटा.
तो श्वास सोडायचा
आणि खोली नाहीशी व्हायची.

माझे आजोबा शिरसईत मुंडकार होते.
घर त्यांचं, भुंय भाटकाराची.
विहिरीत आधी कुणाची घागर, ते ठरलेलं.
कायद्याने घराखालची जमीन मिळाली,
विहिरीचं भांडण मी कॉलेजात जाईपर्यंत चालू होतं.
कित्येक वर्षांनी ते आठवलं
मॅन्युअलच्या एकशे बाराव्या पानावर:
कळ आधी यजमानाकडे जाते,
उरली तर पाहुण्याकडे.

अकरा ओळी लिहून मी रांग उलटी केली.
एफ-पाच तेवढी यजमानाला ठेवली, प्रोग्रॅम चालवायला.

तरी फाइल एक आणि हात दोघांचे.
कुस्तोदने सेव्ह केलं की यजमान विचारतो:
बाहेर कुणीतरी बदल केला आहे, पुन्हा वाचू?
"बाहेर कुणीतरी," कुस्तोद म्हणाला, "म्हणजे मीच मरे."
आणि दर वेळी हो म्हणत राहिला.

शुक्रवारी सहाला त्याने सगळं बंद केलं,
बाजार उठायच्या आत चोरीस घ्यायला पळाला.
मी यादी उघडून पाहिली, काय काय चालू आहे ते.
त्याचा एडिटर होता.
खिडकी नाही, पालक नाही,
सहा एमबी अडवून
पुढच्या कळीची वाट बघत.
हा दोष आहे. मी वहीत नोंदवलाही, सतरावा.
मारायला एक आज्ञा पुरते.
खाली रंगवाल्याने शटर ओढलं.
सोमवारी बघू म्हटलं
आणि दिवा तेवढा घालवला.