चौदावी काच

ग्राट्स, एकोणीसशे अकरा. माझी बोटं बारीक,
म्हणून त्सेट्लसाहेबांनी मला काचांवर बसवलं.
उत्तरेच्या खिडकीशी उतरतं मेज,
सुईसारखी तासलेली शिसपेन्सिल,
आणि समोर उलटी बाई:
गोरी तिथे काळी, सावली तिथे लख्ख.

नाव वाल्बुर्गा. वय चौतीस.
सहा दिवस नदीकाठी धोबीखान्यात चादरी पिळायची,
सातव्या दिवशी तीन क्रोनना उभी राहायची
खांद्यावर मातीचा घडा घेऊन.
खाली छापायचं: ‘निर्झर’.

कायदा साहेबांनी एकदाच समजावला:
नागडी चालते.
कपडे काढलेली चालत नाही.

म्हणून मी तिचे कपडे पुसायचे,
जे अंगावर नव्हतेच ते.
कमरेला कॉर्सेटच्या दोऱ्यांची जाळी,
गुडघ्याखाली मोज्याच्या पट्ट्याचं कडं,
एकेक वळ शिसं भरून बुजवायचा.
बोटावरची अंगठीची फिकट रेघ मात्र
पात्यानं खरवडावी लागे.
‘ती आधी काढ,’ साहेब म्हणायचे, ‘देवीला नवरा नसतो.’
आणि सोड्यानं सोललेले हात, कोपरापर्यंत.
त्यांनाच सगळ्यात वेळ जाई.
दिवेलागणीला ती संगमरवराची होऊन जायची
आणि मला ओळखू यायची नाही.

मार्चमध्ये माझी दाढ सुजली. चार दिवस घरी.
पोऱ्यानं एक काच तशीच छापली.

कोर्टात न्यायाधीशांनी भिंग लावलं, बराच वेळ.
‘ही खूण कसली?’
वकील खोकले. साहेब टोपी फिरवत राहिले.
मागच्या बाकावरून वाल्बुर्गाच म्हणाली,
‘मोज्याची, सरकार. लोकरीचे होते. थंडी होती.’

चौदा काचा फोडायचा हुकूम झाला.
अंगणात, गोणपाटाखाली, हातोडीनं,
शिपाई मोजत होता आवाज.
तेरा तिच्या.
चौदावा आवाज अग्निशमन दलाच्या बँडमास्तरांचा,
मिशा, पदकं आणि तुतारीसकट.

महिन्यानं ती आली, राहिलेले तीन क्रोन मागायला.
साहेब गावात नव्हते.
मी खणातून काच काढून दिली.
तिनं ती खिडकीशी धरली, तिरकी केली,
काळ्यातून स्वतःला शोधलं.

‘बघ की,’ म्हणाली,
‘पाय किती सुजलेत माझे.’