सातदिवे सेक्रेटरी

कोर्टासमोर लिंबाखाली माझं मशीन.
रफाराचा खिळा तुटलेला,
त्यामुळे माझ्या हातचा प्रत्येक अर्ज
'अज' होऊन बाहेर पडायचा.
"बोकड दाखल करायचाय का मला?"
सातदिवे वकील म्हणायचे, आणि चष्मा कपाळावर ढकलून
पेनानं एकेक रफार चढवत बसायचे.

जिनिंगमागच्या मैदानाची केस त्यांनीच लढवली.
मालक त्यांचा अशील. सातबारा, चतुःसीमा, सगळं चोख.
समोर कदीम जालन्याची पोरं, बिनवकिलाची.
पुरावा म्हणून एकानं फुटबॉल आणला होता,
पेशकारानं तो टेबलावर ठेवू दिला नाही.

ताबा घ्यायला गेलो. बेलिफ, वकील,
पंचनाम्याला मी.
पोरांनी गोलपोस्ट स्वतःच उपटले,
चुना फासलेले निलगिरीचे वासे,
चौघं पुढं चौघं मागं, खांद्यावर घेऊन निघाले.
बेलिफानं का कोण जाणे, बिडी विझवली.
"कुठं नेता रे?"
"जागा गावेल तिथं."

आठवडाभर सातदिवे नीट जेवले नाहीत, असं त्यांची बायको सांगायची.
अपिलात पोरांकडून उभं राहावं तर कायदा आडवा,
मालकाचं वकीलपत्र घेतलेलं.
एका दुपारी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला:
"वकील होता येत नाही ना, मग सेक्रेटरी होतो.
लिही. जालना जिल्हा फुटबॉल संघटना. घटना. कलम एक."

जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता.
ऑफसाइड शिकले टेबलावर,
आगपेटी डिफेंडर, दौत गोलकीपर.
तिसऱ्या दिवशी एकदम उजेड पडला:
"म्हणजे कारण घडायच्या आधीच दाखल केलेला दावा!"

मग खेपा. धर्मादाय कार्यालयाच्या सात,
नगरपालिकेच्या कोणी मोजल्याच नाहीत.
उन्हाळ्यात कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात लीग,
रेषा मारायला राख.
अशील पांगले. काळा कोट कोपरांवर हिरवट पडला,
एका खिशात शिट्टी, एका खिशात कोर्ट फी स्टँप.

परभणीच्या सेमीफायनलचं सांगायचं राहिलं.
खरं तर टाळत होतो.
मिशन कंपाउंडचा योनाथान, आमचा गोलकीपर,
सतरा उलटलेला. चाळीस रुपये घेऊन
त्याचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं.
कागद तपासायला सातदिवे स्वतः बसले.
'वय वषे पंधरा.'
तिथं नजर थांबली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
पेन काढलं, 'षे'वर रफार चढवला,
सावकाश, नेहमीसारखा,
आणि खाली लिहिलं: जालना संघ अपात्र. सही.

एस.टी.त कोणी कोणाशी बोललं नाही.
रात्री त्यांच्या दाराला शेण फासलं गेलं.
सकाळी धुऊन ते कोर्टात आले,
माझ्या मशीनवर शंभराची नोट ठेवली:
"तेवढा खिळा बसवून घे."
मी नाही बसवला.
कशानं त्यांनी मला पकडलं
तेवढं तरी माझ्याजवळ राहू दे, असं वाटलं.

ठराव झाला तेव्हा ते लकव्यानं पडून होते.
तीन एकर, रेल्वेच्या पलीकडं.
मी वाचून दाखवला. ऐकता ऐकता
उजवं बोट चादरीवर हललं,
कुठला रफार गेला होता देव जाणे.

आता लिंबाखाली कॉम्प्युटर आलेत,
रफार आपोआप बसतो.
मैदानाच्या फाटकावर परवा पाटी लागली,
'अ‍ॅड. धोंडीराम सातदिवे यांच्या स्मरणाथ'.
पेंटर विसरला.
मी रंगाचा डबा घेऊन गेलो, शिडी मागितली.
योनाथान रेफ्री आहे आता, पोट सुटलेला.
घड्याळ बघत म्हणाला,
"दहा मिनिटं, काका. हाफ संपू द्या."