डाव्या कुशीवर

कोमोदोरोत वारा रात्रभर पत्रे मोजतो.
चौतिसावा आठवडा. फ्रिजवर, चुंबकाखाली कागद:
नवी लस. सहीची जागा कोरी.

सासू म्हणते, आमच्या वेळी कुठे होतं हे?
तिच्या वेळचं एक छोटं थडगं आहे टेकडीवर.
ते ती मोजत नाही.

पण इतकी नवी,
की ती घेऊन म्हातारं झालेलं
कुणीच नाही अजून, विचारायला.

"तुम्ही घेतली असती?"
सुईण मिर्ता हातमोजे काढते, खिडकीकडे बघते.
"माहीत नाही, नेरेआ. भ्याले असते.
आणि घेतली असती."

पोटात उचक्या.
त्याला फुप्फुसं आहेत, मत नाही.

मंगळवारी मी बाही वर केली.
उजव्या हातावर द्या, म्हटलं,
डाव्या कुशीवर झोपते सध्या.