दर कट्ट्याला एकदा

विडी घरकुलात पहिल्यांदा गेले
तेव्हा पिशवीत लॅमिनेट केलेला तक्ता होता.
दहा चित्रं, दहा व्यायाम,
चित्रातली बाई सडपातळ, दोन्ही हात सरळ आभाळात.

राजमणी येमूलनं उजवा हात वर नेला,
तो कानाच्या अलीकडेच थांबला.
अजून थोडा, मी म्हणाले.
तिनं कंबर मागं वाकवली, खांदा कानाला टेकवला
आणि हात पोचवला.
मला बरं वाटलं. वहीत बरोबरची खूण केली.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही.
सून म्हणाली, अत्तीची कंबर धरलीय.

पहिल्या वर्षालाच शिकवलं होतं:
हात दोन पावलं चढतो तेव्हा
पाठीवरचं पातं एक पाऊल सरकतं.
ते अडलं तरी शरीर नाही म्हणत नाही,
उसनवारी करतं.
कमरेकडून घेतं, मानेकडून घेतं,
आणि फेड रात्री, अंथरुणावर.
या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

मग तक्ता दाराआड ठेवला, भिंतीकडे तोंड करून,
आणि सूप मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले.
सोलापूरचा एप्रिल. डोक्यावर पत्रा.
पंख्याला वारा नाही, नुसता आवाज.
ओलं पान, मापाची पट्टी, कात्री,
चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा.
अडतीस वर्षं ती हेच करतेय.
मी सात वळल्या;
चेकरनं पाच छाट केल्या असत्या.
सातव्या विडीला माझी मान माझी राहिली नव्हती.

तेव्हा कुठं दिसलं:
बोटं धावतात, कोपर बरगडीला शिवल्यासारखं,
नजर सुपाच्या काठाबाहेर जात नाही,
आणि दोरा गुंडाळताना ती श्वास धरते.
दर विडीला.

आता तक्ता नाही.
पंचवीसचा कट्टा बांधून झाला की
पाठ भिंतीला, हात भिंतीवरून वर सरकवायचा,
दुखण्याच्या एक वीत अलीकडे थांबायचं,
श्वास सोडायचा,
पंख्याकडे बघायचं.
पहिल्या दिवशी ती म्हणाली, पंखा पुसायला झालाय.

दिवाळीत फळीवरचा डबा तिनं
टाचा न उचलता काढला.
मी पात्याकडे बघत होते,
ती माझ्याकडे.
सुनेला म्हणाली, मॅडमला भिंतीजवळ पाट दे,
बघ की,
मान कशी पुढं आलीय हिची.