फुटाला एक सूत

बीड थंड होताना आकसतं.
फुटामागं एक सूत.
म्हणून आमची पट्टी मुळातच खोटी असते,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर लांब.
एकतीस वर्षं उद्यमनगरात
त्या खोट्या पट्टीवर माझं घर चाललं.

पंपाची बॉडी, चरकाचं दातेरी चाक,
तेलाच्या इंजिनाचा बेड,
सगळं आधी सागवानात, माझ्या हातचं.
दस्तगीर ते वाळूत पुरायचा,
ठोकून ठोकून वाळू बसवायचा,
मग बाळंतिणीजवळचं पोर उचलावं तसं
अलगद वर काढून घ्यायचा.
राहिलेल्या पोकळीत भट्टीतला रस.
इंजिन जायचं कागलला, राधानगरीला, पार निपाणीपर्यंत.
लाकूड जायचं माळ्यावर,
अंगावर नंबर घेऊन.

यंदा फौंड्रीच विकली.
मालकाच्या पोराचा निरोप आला,
जुनी पॅटर्नं जळणाला देतोय,
काय पाहिजे असलं तर बघून जावा.
गेलो.
इंजिनाच्या बेडचं पॅटर्न, माझ्याच अक्षरात ४१७,
रिक्षात मांडीवर आडवं घेऊन आलो.
एक टोक बाहेर. रिक्षावाला म्हणाला,
मामा, वळणावर सांभाळा.

परसात पत्र्याचं शेड आहे, सहा बाय आठ.
निम्म्यात बंब, निम्म्यात मी.
रंधे शेंगतेलाच्या डब्यात,
पटाश्या सिमेंटच्या पोत्यात धार एकमेकींवर घासत,
गिरमिट खिडकीच्या गजाला.
"हत्यारांचं असलं हाल करून ठेवलाईसा,
आणि म्हणं मिस्त्री,"
मालन बंबात लाकूड सारता सारता म्हणाली.
मी काय बोलणार.

रंधा लावला. पहिल्या चार हातात
वरचा लाल रंग निघाला, खालचं लांबी-पॉलिश निघालं,
आणि मग एकदम सागाचा वास,
इतकी वर्षं कोंडून बसलेला.
ढलप्या मालननं सुपात भरून बंबाला घातल्या.
जळणाला जायचं ते थोडं गेलंच.

कोपऱ्यांना डवटेल धरले.
हात हल्ली थरथरतो,
पण करवतीनं रेघ पकडली की गप होतो.
पलीकडं स्टेडियमवर पेठेची मॅच,
गोल झाला की पत्रा हलतोय असं वाटायचं.
आमचा प्रणील गुडघा सुजलाय म्हणून घरात.
म्हणाला, आबा, आतला ट्रे मी करू?
केला त्यानं. स्टीलच्या टेपनं, मिलीमीटर धरून.
नीट केला, खोटं कशाला बोलू.

पेटीत ठेवला तर सरकतोय.
दोन फुटांत दोन सूत मोकळं.
त्यानं ट्रे मोजला. पुन्हा मोजला.
तिसऱ्यांदा मोजताना कान लाल झाले त्याचे.
मी पट्टी शोधायला खिशात हात घातला
आणि हाताला लागली
तीच.

आता ही पेटी कोण वाळूत पुरणार होतं?
हिच्यातून पुढं काही निघायचं नव्हतं.
ही पेटीच व्हायची होती.
आणि मी आपला सवयीनं
आकसायला जागा सोडत बसलो.

"तुझं बरोबर हाय," मी म्हणालो.
"फळी चिकटवून भरून काढू?"
"नको."
कानावरची पेन्सिल काढून त्या फटीत आडवी घातली.
बसली. ट्रे हलायचा थांबला.

तळाला आतून ४१७ तसाच ठेवलाय.
पटाश्या आता रांगेत झोपतात, धार वर करून.
दस्तगीर असता तर झाकण उघडून
आत डोकावला असता बराच वेळ,
आणि म्हणाला असता,
मिस्त्री, सगळं झालं,
ओतायचं तेवढं राहिलंय की.